काही शंका?

आपल्या कॉलेजात सर्वांत जास्त वेळा विचारला जाणारा प्रश्न कोणता? व्हायव्हातला नाही आणि पेपरातला तर नाहीच. तास संपत आला की हातातला खडू खाली ठेवून सर विचारतात, "एनी डाऊट्स?" तो हा प्रश्न. आणि त्याला सर्वांत जास्त वेळा मिळणारं उत्तर म्हणजे शांतता! पहिल्या बाकावरचे मान डोलावतात, मधल्या बाकावरचे घड्याळाकडे बघतात, आणि शेवटच्या बाकावरची मंडळी तोपर्यंत मनाने कँटीनला पोचलेली असतात.

हा 'डाऊट' शब्द आपल्याकडे येऊन मोठा गमतीदार झाला आहे. "मला इंटिग्रेशनमध्ये डाऊट आहे" असं म्हणणाऱ्याला इंटिग्रेशन खोटं आहे असं मुळीच म्हणायचं नसतं. अमुक स्टेप मला कळली नाही, एवढाच त्याचा अर्थ. परीक्षेच्या आदल्या रात्री होस्टेलवर "एक डाऊट क्लिअर कर ना यार" असं म्हणत जो येतो, त्याला अख्खं युनिट पहिल्यापासून शिकायचं असतं. म्हणजे आपला डाऊट असतो तो स्वतःच्या डोक्याबद्दल. समोर फळ्यावर लिहिलेल्या विधानाबद्दल डाऊट असणे, हा अर्थ आपण कधी गमावला ते कळलंसुद्धा नाही.

मराठीत मात्र या दोन गोष्टींसाठी दोन स्वच्छ क्रियापदं आहेत, 'कळणे' आणि 'पटणे'. "कळलं रे, पण पटलं नाही," असं घरातली आजी अगदी सहज म्हणते. तिला समोरच्याचं म्हणणं समजलेलं असतं, फक्त ते मान्य करायला तिला अजून काहीतरी हवं असतं. कळण्यापासून पटण्यापर्यंतची ही जी मधली जागा आहे, तिथे शंका राहते. इंजिनिअरिंगच्या पोरांनी तिची ओळख करून घ्यायला हवी असं मला वाटतं, म्हणून हा लेखप्रपंच.

शंका वेगळी, संशय वेगळा

शब्दकोश उघडला तर शंका आणि संशय यांचे अर्थ जवळजवळ सारखेच दिसतात. पण आपण बोलतो कसे ते बघा. शंका 'विचारता' येते, संशय विचारता येत नाही. "सर, एक शंका विचारू का?" हे वाक्य बरोबर आहे, "सर, एक संशय विचारू का?" म्हणून बघा, सगळा वर्ग हसेल. संशय 'घेतात', आणि तो बहुतेक वेळा माणसावर घेतात. शंका ही एखाद्या गोष्टीबद्दल असते, म्हणून तिचं निरसन होतं, समाधान होतं. संशय आत ठेवला की बळावतो. पोलिसांच्या बातमीत 'संशयित' असतो, आणि कॉलेजच्या व्याख्यानानंतर 'शंका-समाधान' असतं. थोडक्यात काय, तर शंका विधानावर आणि संशय माणसावर, असा ढोबळ फरक आपल्या भाषेने केलेला आहे.

गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक १९१६ सालचं. त्याचं मूळ फ्रेंच नाटककार मोलिएरपर्यंत जातं, पण फाल्गुनराव इतका आपला झाला की संशयी नवऱ्याला आजही लोक त्याच नावाने हाक मारतात. एका तसबिरीवरून सगळा घोटाळा होतो. का होतो? तर प्रत्येकजण दुसऱ्यावर संशय घेतो आणि सरळ शंका कोणीच विचारत नाही! विचारली असती तर नाटक पहिल्याच अंकात आटोपलं असतं.

शंकेचीही बदनामी कमी नाही म्हणा. मनात 'शंकेची पाल चुकचुकते', म्हणजे बिचारीला पालीच्या पंक्तीला बसवलं. फार प्रश्न विचारणाऱ्याला 'शंकेखोर' म्हणतात, आणि लघुशंका-दीर्घशंकेबद्दल तर न बोललेलंच बरं. हा शब्द उच्चारताना वर्गात जी खसखस पिकते, तीही हात वर न होण्याचं एक कारण असावं!

पण आपल्या परंपरेत शंकेला मानाचं पान आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांत ज्या सोळा पदार्थांच्या ज्ञानाने माणसाचं कल्याण होतं असं सांगितलं आहे, त्यांत प्रमाण आणि प्रमेय यांच्यानंतर तिसऱ्या क्रमांकावर चक्क संशय आहे. (तिथे या शब्दाला आजच्यासारखा माणसावर घेण्याचा वास नाही.) न्यायशास्त्रातलं त्याचं नेहमीचं उदाहरण फार छान आहे. संध्याकाळच्या अंधुक उजेडात लांबवर काहीतरी उभं दिसतं. तो खांब आहे की माणूस? उंची दोघांची सारखी, त्यामुळे मन दोन्हीकडे हेलकावे खातं. आमच्याकडे शेतात बुजगावणं असतं, तेव्हा हा अनुभव काही फक्त पोथीतला नाही. आता करायचं काय? भूत समजून पळायचं नाही, आणि खांबच असणार म्हणून बेफिकीरही राहायचं नाही. जवळ जायचं, हात-पाय दिसतात का बघायचं. त्या सोळांच्या यादीत पुढे आठव्या जागी तर्क येतो आणि नवव्या जागी निर्णय. म्हणजे संशय ही वाटेवरची पायरी आहे, बसायची जागा नाही. त्याच यादीत बाराव्या जागी 'वितंडा' आहे. स्वतःची बाजू मांडायचीच नाही, फक्त दुसऱ्याचं खोडत बसायचं, याला वितंडा म्हणतात. चांद्रयान खोटं, लस खोटी, सगळंच खोटं असं मोबाईलवर बोटं आपटत सांगणाऱ्यांना आपण शंकेखोर समजतो, पण ते वितंडवादी आहेत. त्यांना निर्णयापर्यंत जायचंच नसतं.

आणखी एक शब्द सांगतो, 'चिकित्सक'. हिंदीत चिकित्सक म्हणजे डॉक्टर. मराठीत मात्र भाजी घेताना प्रत्येक वांगं उलटंपालटं करून बघणारी काकूही चिकित्सक, आणि ग्रंथाचा शब्दन् शब्द तपासणारा पंडितही चिकित्सक. पुण्याच्या भांडारकर संस्थेने १९१९ ते १९६६ अशी जवळपास सत्तेचाळीस वर्षं खपून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार केली, हजारावर हस्तलिखितं ताडून. हे काम करणारी मंडळी महाभारताची वैरी नव्हती. ग्रंथावर प्रेम होतं म्हणूनच त्यातला कोणता श्लोक नंतर घुसला, ही शंका त्यांना घ्यावीशी वाटली.

या सगळ्या शब्दांत मला सर्वांत आवडतो तो रोजच्या बोलण्यातला, 'कशावरून?' जरा फोड करून बघा, कशाच्या वरून? म्हणजे तू हे जे बोलतो आहेस, ते कशावर उभा राहून बोलतो आहेस? पायाखाली काय आहे ते दाखव. सगळी वैज्ञानिक पद्धत या पाच अक्षरांत बसते.

'बीडीएन' म्हणजे बदनापूर

आता थोडं माझ्या गावाबद्दल. जालना आणि छत्रपती संभाजीनगर यांच्या मधलं बदनापूर हे तालुक्याचं गाव. मनमाड-सिकंदराबाद लाईनवरून जाणाऱ्यांना ते स्टेशन म्हणून माहीत असतं. पण शेतकऱ्यांना बदनापूर माहीत आहे ते तुरीमुळे. 'बीडीएन ७११' या पांढऱ्या तुरीच्या वाणाच्या नावातला 'बीडीएन' म्हणजे आमचं बदनापूर. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचं कृषी संशोधन केंद्र इथे आहे, आणि तुरीचे कितीतरी वाण इथून निघाले.

एखादा वाण तयार होतो कसा याची चौकशी केली तेव्हा मला फार गंमत वाटली. कारण ती सगळी प्रक्रिया म्हणजे पद्धतशीर अविश्वास आहे! नव्या वाणाचं एका प्लॉटवर भरघोस पीक आलं की आपण टाळ्या वाजवू. तिथे मात्र विचारतात, कशापेक्षा जास्त? म्हणून नव्या वाणाशेजारी जुना, माहितीतला वाण लावतात. त्याला तुल्यवाण म्हणतात. मग पुढची शंका, त्या तुकड्यातली जमीनच भारी असेल तर? म्हणून प्रत्येक वाण एकाच जागी न लावता शेताचे तुकडे पाडून तीन-चार वेळा लावतात, आणि कुठला वाण कुठल्या तुकड्यात ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवतात, म्हणजे लावणाऱ्याच्या मनातली आवड मध्ये येत नाही. मग पुढची शंका, यंदा पाऊसच चांगला झाला असेल तर? म्हणून पुन्हा पुढच्या वर्षी, दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या जमिनीत. अशा चाळण्यांतून जो टिकतो तो शेतकऱ्याच्या पिशवीत येतो.

गणिताच्या पेपरात आपण 'नल हायपोथिसिस' पाठ करतो, तो हाच. नवा वाण जुन्यापेक्षा वेगळा नाहीच असं आधी धरायचं, आणि आकड्यांनी आपल्याला तसं म्हणणं अशक्य करून सोडलं तरच ते सोडायचं. हे शास्त्र जन्मलंही शेतातच. रोनाल्ड फिशर हा इंग्रज संख्याशास्त्रज्ञ १९१९ साली रॉथमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात रुजू झाला, आणि तिथल्या प्लॉटच्या आकड्यांशी झगडता झगडता त्याने प्रयोग कसा आखावा याचं शास्त्रच बनवलं. तिथल्या एका बाईंचा दावा होता की कपात आधी दूध ओतलं की आधी चहा, हे मी चवीवरून ओळखते. "काहीतरीच काय!" असं म्हणून विषय संपवता आला असता. फिशरने १९३५ सालच्या पुस्तकात याचा प्रयोग कसा करावा ते मांडलं. आठ कप, चार असे, चार तसे, उलटसुलट ठेवलेले. नुसत्या अंदाजाने आठही बरोबर येण्याची शक्यता सत्तरात एक! दाव्याला हसला नाही आणि मानही डोलावली नाही, कप मांडले. शंका घ्यायची रीत ही अशी.

आपल्याकडे हे शास्त्र रुजवलं ते व्ही. जी. पानसे आणि पां. वा. सुखात्मे या दोन मराठी माणसांनी. शेती संशोधकांसाठी त्यांनी लिहिलेलं संख्याशास्त्राचं पुस्तक १९५४ साली आलं आणि कृषी महाविद्यालयांतल्या पिढ्या त्यावर शिकल्या.

काडी, नारळ आणि स्क्रीन

मग ज्या गावात तुरीच्या बियाण्यावर इतकी वर्षं शंका घेतात, त्याच गावाच्या शिवारात बोअर कुठे घ्यायचा हे कसं ठरतं? पाणाड्या येतो. कोणी कडुनिंबाची बेचकीसारखी काडी धरून चालतो, कोणी तळहातावर नारळ ठेवतो. काडी झुकली, नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची खूण.

२०१२-१३ चा दुष्काळ आमच्या जिल्ह्याने कसा काढला ते मोसंबीच्या वाळलेल्या बागांना विचारा. मी तेव्हा लहान होतो, पण घरातली चर्चा आठवते. आमच्या शेतात तीन बोअर झाले. पहिला कोरडा, दुसरा कोरडा, तिसऱ्याला दीड इंच पाणी लागलं. आज घरात तिसऱ्याचीच गोष्ट सांगतात. आजोबा तेवढे हसत म्हणायचे, "पाणी लागलं त्याचं नाव पाणाड्याचं, न्हाई लागलं त्याचं नाव नशिबाचं."

आजोबांनी जे एका वाक्यात सांगितलं, त्यालाच आपण डेटा निवडून मोजणे म्हणतो. आमच्याखालचा दगड बेसाल्टचा. पाणी असतं ते वरच्या झिजलेल्या थरात, भेगांत, आणि दोन लाव्हांच्या मधल्या सच्छिद्र पट्ट्यांत. त्यामुळे दहा फुटांवर नशीब बदलतं, आणि कुठेही बोअर घेतला तरी काही वेळा पाणी लागतंच. समजा, एखाद्या शिवारात डोळे मिटून घेतलेल्या दहापैकी पाच बोअरना पाणी लागतं. तर पाणाड्याच्या दहापैकी पाच लागले यात विशेष काय? तुल्यवाण कुठे आहे?

अशी तुलना जर्मनीत झाली. १९८७-८८ साली म्युनिकजवळ एका कोठाराच्या तळमजल्यावर गाड्यावर ठेवलेला पाण्याचा पाईप, दर वेळी चिठ्ठीने ठरेल त्या जागी सरकवायचा. वरच्या मजल्यावर पाणाड्याने चालत जागा ओळखायची. सुमारे पाचशे जणांतून निवडलेले चांगले ४३ जण घेतले. प्रयोग करणाऱ्यांनी जाहीर केलं की यातल्या काही मोजक्यांना खरोखर कळतं. पण जिम एन्राइट या अमेरिकन शास्त्रज्ञाने तेच आकडे पुन्हा तपासले, तर ते अंदाजपंचे सांगण्याहून वेगळे निघाले नाहीत.

मग काडी झुकते कशी? ती झुकते, हे खरं आहे. १८५३ साली मायकेल फॅरडेने, हो तोच आपला फॅरडे, 'आत्मे' टेबल हलवतात म्हणणाऱ्या मंडळींच्या हाताखाली एक साधं यंत्र ठेवून दाखवलं की टेबल त्यांचेच हात ढकलतात, आणि त्यांना स्वतःला त्याचा पत्ता नसतो. ताणून धरलेली काडीही तशीच. मनगट केसभर फिरलं की ती झपकन वळते. म्हणूनच पाणाड्याला खोटारडा म्हणायचं कारण नाही. त्याला स्वतःला मनापासून वाटतं की काडी आपोआप वळली. इथे शंका आणि संशय यांतला फरक कामाला येतो. मी घरी "कशावरून?" विचारलं की वडीलधाऱ्यांना ऐकू येतं "तो माणूस लबाड आहे", आणि मग भांडण. माझी शंका काडीवर असते, माणसावर नसते, हे आधी सांगितलं की ऐकून घेतात असा माझा अनुभव आहे.

जयंत नारळीकरांनी हेच केलं. २००८ साली पुण्यात त्यांनी नरेंद्र दाभोलकर, प्रकाश घाटपांडे आणि संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे यांच्यासोबत ज्योतिषाची चाचणी घेतली. शंभर हुशार मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका गोळा केल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यातल्या चाळीस दिल्या, आणि कोणती कोणाची ते सांगायला सांगितलं. सत्तावीस जणांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी निम्म्याहूनही कमी आलं. नाणं उडवलं असतं तर पन्नास टक्के आले असते! कोणाला शिव्या नाहीत, कोणाच्या श्रद्धेची टिंगल नाही. फक्त कप मांडले.

आता तुम्ही म्हणाल, आम्ही इंजिनिअर, आम्ही कुठे नारळावर विश्वास ठेवतो? बरं. पण तोच नारळ काळ्या डब्यात घातला, त्याला अँटेना लावला आणि स्क्रीनवर रंगीत पट्टे दाखवले तर? जेम्स मॅक्कॉर्मिक नावाच्या ब्रिटिश माणसाने 'एडीई ६५१' नावाचं बॉम्ब शोधणारं यंत्र इराकला हजारो डॉलरला एक याप्रमाणे विकलं. मूठ, आणि मुठीला सैल बसवलेला अँटेना. आत कामाचं काहीच नाही. पाणाड्याची काडीच ती! बगदादच्या नाक्यांवर सैनिक ती हातात धरून गाड्या तपासत राहिले आणि बॉम्ब आत जात राहिले. २०१३ साली त्याला दहा वर्षांची शिक्षा झाली. पण मधल्या काळात कोणी तरी एका गाडीत बॉम्ब, चार गाड्या रिकाम्या ठेवून "ओळख बरं" एवढं म्हणायला हवं होतं की नाही?

पाणी शोधायची शास्त्रीय पद्धतही आहे. जमिनीत चार खुंट्या रोवून वीज सोडतात आणि विद्युत रोधकता मोजतात, त्यावरून खालच्या थरांचा अंदाज बांधतात. तीही चुकते. पण ती 'शक्यता' सांगते, कशावरून ते दाखवते, आणि चुकली तर का चुकली हे शोधता येतं. पाणाडी मात्र ठामपणे सांगतो, म्हणून कर्ज काढून बसलेल्या माणसाला तो जवळचा वाटतो. हे समजून न घेता शेतकऱ्याला अडाणी म्हणणं सोपं आहे.

फॅक्टर ऑफ सेफ्टी : लेखी अविश्वास

शेवटी आपल्या ब्रँचबद्दल. मी सिव्हिलचा. आमचं अख्खं शास्त्र अविश्वासावर उभं आहे असं म्हटलं तर राग नसावा! काँक्रीटची ताकद अमुक आहे म्हणता? ठीक, तिला दीडने भागा. स्टीलची? तिला १.१५ ने. वर भार येईल म्हणता तो? त्याला दीडने गुणा. आयएस ४५६ मध्ये हे सगळं आकड्यांत लिहून ठेवलं आहे. एका क्यूबवर कोड विश्वास ठेवत नाही, तीन फोडायला सांगतो. तिन्हींची सरासरी काढायची, आणि एखादा क्यूब सरासरीपासून १५ टक्क्यांहून जास्त सरकला तर तो नमुनाच धरत नाही.

आणि आपण लॅबमध्ये काय करतो? तिसरं रीडिंग वाकडं आलं की ते 'ॲडजस्ट' करतो. सीनियरच्या जर्नलमध्ये काय आहे ते बघून ग्राफ सरळ करतो. ज्या रीडिंगने "काही शंका?" असं विचारलं, त्याचंच तोंड आपण खोडरबराने बंद करतो. उद्या साईटवर तो वाकडा क्यूब खराच असेल, आणि त्यावर कोणाचं तरी घर उभं असेल.

राज्यघटनेच्या कलम ५१ 'क' मध्ये, १९७६ साली आलेल्या मूलभूत कर्तव्यांत, विज्ञाननिष्ठ दृष्टिकोनाबरोबर शोधकबुद्धी वाढवणं हेही नागरिकाचं कर्तव्य म्हणून नोंदलेलं आहे. कर्तव्य म्हटलं की आपल्याला कंटाळा येतो. म्हणून मी ते माझ्यापुरतं तीन प्रश्नांत बसवलं आहे. कशावरून? कशापेक्षा? आणि हे चुकीचं असेल तर ते आपल्याला कसं कळेल? बोअरच्या खुणेला, मोबाईलवर आलेल्या मेसेजला, कंपनीच्या ब्रोशरला, फळ्यावरच्या सूत्राला आणि स्वतःच्या जर्नललासुद्धा हे तिन्ही प्रश्न चालतात. स्वतःच्या जर्नलला विचारणं जरा जड जातं, पण करून बघा.